सेलामच्या जागी समीर

अतिशयोक्ती हा माझा दोष नाही, ती माझी नोकरी होती. बॉनच्या एका युवाकेंद्राच्या तळघरात मी जर्मन सरकारच्या कृपेने अर्धं आयुष्य पोरांना थापा मारायला शिकवलं, आणि निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मला त्याबद्दल फुलं दिली. हा लेख लिहायला बसले तेव्हा आमचे हे चष्म्यावरून बघत म्हणाले, "अगं, दिवाळी अंक आहे, लोक वर्षभर जपून ठेवतात. जरा बेताने."

"अहो, बेताने लिहिलेलं जपतं कोण?" मी म्हटलं.

मी जर्मनीत कशी आले, कुठे शिकले, कोणत्या पदावरून कोणत्या पदावर चढले, हे काही सांगत नाही. ह्यांना टेलिकॉम कंपनीत नोकरी होती आणि मी सांगलीची आहे, एवढं पुरे. सांगलीत मूल पाळण्यातून उतरतं ते थेट विंगेत. अशा बाईला बॉनमध्ये दुसरं काय जमणार?

आमचं तळघर इतकं ओलं होतं की थंडीत मी तबल्याला मफलर गुंडाळायची. एका नोव्हेंबरात डग्ग्यावर अळंबी उगवली. हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीचा राखणदार, ती बघायला आला आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "ही खाण्यासारखी आहे." त्याच हाउसमाइस्टरने माझ्या पहिल्या प्रयोगाआधी मला नारळ फोडताना पकडलं होतं. नारळ पायरीवर आपटला तो फुटलाच नाही. उसळला, खिडकीतून बाहेर गेला, उतारावरून गडगडत ऱ्हाइन नदीत पडला आणि एव्हाना हॉलंडमध्ये त्याचं झाड झालं असणार. हाउसमाइस्टरने फक्त पायरीची फरशी तपासली आणि मला म्हणाला, "पुढच्या वेळी मऊ फळ घ्या."

माझ्याकडे येणारी मंडळी अठरा ते पंचविशीतली. रंगाने आपल्यासारखी किंवा आपल्याहून गडद. कोणी घानाच्या आईबापांचं, कोणी तमिळ, कोणी अफगाण, कोणी पुण्याच्या आयटीवाल्यांचं. जर्मन लोक त्यांना हल्ली फार जपून हाक मारतात. दर दोन वर्षांनी त्यासाठी नवा इंग्रजी शब्द येतो, जुना वाईट ठरतो, आणि पोरं तीच असतात, त्याच बसथांब्यावर, त्यांच्याच शेजारची सीट रिकामी.

बाहेरच्या माणसाला वाटतं कार्यशाळा म्हणजे गोल करून बसणं आणि रडणं. आमच्याकडे तसलं नव्हतं. आठवड्यातून दोन संध्याकाळी जमायचं. आधी मांडीवर तीनताल, धा धिं धिं धा, तोंडाने बोल म्हणत. ताल धरलेल्या माणसाला लाजायला सवड मिळत नाही, म्हणून तो आधी. मग आवाज. मग समोरच्याच्या डोळ्यांत बघत उभं राहणं, जे सगळ्यांत अवघड, कारण या पोरांकडे लोक एक तर बघत नाहीत किंवा फार बघतात. त्यानंतर खोटं बोलायचं. आज सकाळी ब्रेड आणायला गेलास ना, त्याची गोष्ट कर. दुकानात घोडा आण. घोड्याला भूक आण.

खोलीत एक प्रश्न बंद होता: 'तू मूळचा कुठला?' ज्याला तो दिवसातून दहादा विचारला जातो, त्याला दोन तास तरी सुट्टी हवी.

आणि एक पद्धत मी सांगलीहून जशीच्या तशी आणली होती, प्रॉक्सीची. ज्यांनी हौशी नाटक केलंय त्यांना सांगायला नको. तालमीला एखादा नट आला नाही तर तालीम थांबत नाही. दुसरा कोणीतरी त्याच्या जागी उभा राहतो, त्याची वाक्यं म्हणतो, त्याचं रडणं रडतो. त्यासाठी प्रत्येकाला प्रत्येकाचं काम पाठ पाहिजे. जर्मनीत वाढलेल्या या पोरांना हे फार आवडलं. इथे कोणी आजारी पडला की आख्खं खातं बंद होतं. आमच्या तळघरात एकदा फ्लूची साथ आली तेव्हा दोघांनी मिळून नऊ पात्रांचं नाटक केलं, आणि लग्नाच्या प्रसंगात नवराही तोच आणि भटजीही तोच होता.

गिऱ्हाइकं एकेक नग. नागपूरचा एक पीएचडीवाला मुलगा दारात उभा राहून म्हणाला, "काकू, मला नाटकबिटक नको. फक्त ओरडायला शिकवा."

"कोणावर ओरडायचंय रे?"

"कोणावर नाही. मीटिंगमध्ये प्रोफेसर सगळ्यांना मत विचारतात, आणि माझ्यापाशी आले की कॉफी ओतायला लागतात."

मी त्याला महिनाभर फक्त 'नाइन', म्हणजे जर्मन 'नाही', म्हणायला लावलं. बेंबीपासून. पुढच्या मीटिंगमध्ये त्याने ते असं काढलं की प्रोफेसरांच्या हातातून कॉफीचा मग गेला, आणि नदीवरच्या मालवाहू बोटीच्या कप्तानाने कोणीतरी थांबवतंय समजून इंजिन बंद केलं. तो मुलगा आता ड्रेस्डेनला कुठल्याशा संस्थेत आहे आणि त्याचे विद्यार्थी त्याला घाबरतात, असं ऐकते.

पण हे सगळं मी सांगत सुटलेय ते सेलामपाशी यायला उशीर व्हावा म्हणून.

सेलाम आफ्रिकेतल्या एरिट्रियाची. पंधराव्या वर्षी निर्वासित म्हणून एकटी आली होती, माझ्याकडे आली तेव्हा वीस. बारकी, भुवया जाड, आणि त्या दोन भुवया एकमेकींशी भांडल्यासारख्या वेगवेगळ्या हलायच्या. ती काही न करता नुसती खुर्चीवर बसली तरी हसू यायचं. मी सांगलीत, पुण्यात आणि इथे भरपूर विनोदी नट पाहिलेत. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना सेलामने नुसत्या शिंकेत गुंडाळलं असतं, आणि हे मी फुगवून सांगत नाही.

एकदा आम्ही गटासाठी बटाटेवडे करत होतो. बटाटे सोलता सोलता ती म्हणाली, "काकू, मी समुद्रातून आले. ते मी कोणाला सांगणार नाही."

"नको सांगू," मी म्हटलं. "साल जाड काढतेयस, पातळ काढ."

त्या वर्षी आम्ही एक फार्स बसवला. आऊसलेंडरबेहोर्डे, म्हणजे परदेशी लोकांना इथे राहायचे परवाने देणारं कार्यालय. त्या नावाने इथला कोणताही मराठी माणूस आपली फाइल चाचपतो. आमच्या फार्समध्ये सगळं उलटं होतं. जर्मन माणूस आपल्याच घरात राहायची परवानगी मागायला आलाय आणि खुर्चीत बसलेली अधिकारी बाई आहे सेलाम. तो जर्मन माणूस झाला होता समीर. आईबाप अफगाण, पण तो बॉनमध्येच जन्मलेला, बाप शहराच्या बसवर ड्रायव्हर. दिसायला देखणा, मनाने लोणी. आणि ऑफिसातलं कुंडीतलं रबराचं झाड झाली होती ईरा, पुण्याच्या मेधाची मुलगी. झाडाला एकही वाक्य नव्हतं, पण ते प्रसंगागणिक वाळत जायचं.

पहिला प्रयोग लागला आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत, एका शाळेच्या हॉलमध्ये. मेधा मंडळाची सेक्रेटरी. ती माझ्यामागे घड्याळ घेऊन फिरत होती. "काकू, पंधरा मिनिटं हं. नंतर आरती आहे, आणि मोदक गार झाले तर माझ्या सासूबाई मला ठेवणार नाहीत."

"मामा, बिट्टे," म्हणजे 'आई, प्लीज', ईरा फांद्या सावरत म्हणाली, आणि पुढचं सगळं जर्मनमध्ये म्हणाली, ज्याचा सारांश असा की झाडाशी बोलू नये.

पंधरा मिनिटांची चाळीस झाली. सेलामने समीरची कागदपत्रं उघडली, एक पान बघितलं, चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं आणि मग डबा उघडून सावकाश सँडविच खायला लागली. नुसतं खाणं. एक शब्द नाही. ऑफिसांतल्या रांगांमध्ये गप्प उभी राहिलेली ती सगळी इंजिनियर मंडळी आधी गालात हसली, मग खुर्च्यांवरून घसरली. साताऱ्याहून आलेल्या एका आजींना जर्मनचं अक्षर येत नव्हतं; त्या इतक्या हसल्या की त्यांची कवळी निसटून प्रसादाच्या ताटात पडली आणि मोदकाला चावून बसली. मेधा स्वतः डोळे पुसत म्हणाली, "जाऊ दे ते मोदक."

परत येताना ट्राममध्ये सेलाम माझ्या शेजारी बसली. अंगावर अजून तो अधिकारी बाईचा कोट. "काकू, मला हेच करायचंय. मोठ्या स्टेजवर, तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर. मला बघून त्यांना फक्त हसू आलं पाहिजे. कीव नाही."

"होणार," मी म्हटलं. "तुझ्यासाठी मी थिएटर पाठीवर उचलून आणीन."

थिएटर आपल्या पायांनी आलं. एका मोठ्या नाट्यगृहात, त्याचं नाव माझ्यापाशीच राहू दे, नवीन नाटकं निवडणाऱ्या एक बाई होत्या, फ्राऊ लिंडनर. चांगल्या बाई. दुष्ट असत्या तर मला हा लेख लिहायला किती सोपं गेलं असतं! त्या तळघरात आल्या, फार्स बघितला, पोट धरून हसल्या. मग डोळे टिपून म्हणाल्या, "अप्रतिम. पण यात तुमची स्वतःची गोष्ट कुठे आहे?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

"सेलाम, तुम्ही समुद्रमार्गे आलात असं मी ऐकलं," त्या फार हळुवारपणे म्हणाल्या. कोणी सांगितलं देव जाणे. अशा गोष्टींना पाय असतात. "नाटकाच्या मधोमध तुम्ही दहा मिनिटं फक्त ते सांगितलंत, तर बाकीच्या विनोदाला वजन येईल. पुढच्या आठवड्यात मी आमच्या दिग्दर्शकांना घेऊन येते."

सेलामच्या दोन्ही भुवया प्रथमच एका रेषेत आल्या.

मी त्यांना जिन्यात गाठलं. "फ्राऊ लिंडनर, विनोद हीच तिची गोष्ट आहे."

"गेनाऊ, गेनाऊ," त्या म्हणाल्या. शब्दाचा अर्थ 'अगदी बरोबर'. जर्मन माणूस तो एकदा म्हणाला तर तुमचं ऐकलंय. दोनदा म्हणाला तर त्याचं ठरलंय.

पुढच्या आठवड्यात सेलाम आली नाही. फोन बंद. दिग्दर्शक ओली छत्री घेऊन खुर्चीत बसलेले, फ्राऊ लिंडनर त्यांच्या शेजारी, ईरा कुंडीत उभी. मी सांगणार होते की तालीम रद्द, तेवढ्यात समीर उठला. "मी प्रॉक्सी देतो."

मला वाटलं, अधिकारी बाईची वाक्यं म्हणेल. त्याला पाठ होती. पण त्याने खुर्ची मधोमध ओढली, खाली बघितलं आणि बोलायला लागला. 'मी' म्हणून. मी लहान होतो, रात्र होती, बोट रबराची होती. लाटा कॅथीड्रलएवढ्या होत्या. आईच्या शालीचं टोक मी दातांत धरलं होतं. सगळे किंचाळत होते.

समीर आयुष्यात ज्यात उतरला ते सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे नगरपालिकेचा पोहण्याचा तलाव. तिथे लहान मुलांना पोहता येऊ लागल्याचा बिल्ला देतात, तो याला तीनदा नाकारला गेला होता. त्याची आई त्या वेळी घरी मंतू, म्हणजे खिम्याचे अफगाणी मोमो, करत होती. पण काय सांगितलं त्याने! घोडा आणला, घोड्याला भूक आणली, सगळं माझ्याच शाळेतलं. फ्राऊ लिंडनर उघड रडत होत्या. दिग्दर्शकांनी चष्मा काढून गुडघ्यावर ठेवला. कुंडीतलं झाड थरथरत होतं, आणि ते नाटकात नव्हतं.

ते दोघे गेल्यावर मी त्याचा दंड धरला. "अरे समीर, हे काय केलंस?"

"काकू, त्यांना बोट हवी होती ना? दिली." तो खरंच खूश होता. "आता ते तिला विचारणार नाहीत. आता ती निवांत अधिकारी बाई होईल."

यात चूक काढून दाखवा. मी इतकी वर्षं शोधतेय. त्याला जे शिकवलं होतं तेच त्याने केलं होतं, मैत्रिणीच्या जागी उभा राहिला होता, तिच्यासाठी रडला होता.

दोन दिवसांनी थिएटरचा फोन आला. त्यांना बोट हवी होती. तासाभराची. फार्स 'पुढे कधीतरी'. अधिकारी बाई नाटकाच्या सुराशी जुळत नव्हती. सेलामला मागे बसून ढोल वाजवता आला असता.

मी फ्राऊ लिंडनरांच्या ऑफिसात जाऊन उभी राहिले आणि बेंबीपासून बोलले. "तो पोरगा इथल्या हॉस्पिटलात जन्मलाय! त्याचा बाप तुम्हाला रोज बसने ऑफिसला आणतो!"

त्यांनी किटली चालू केली. मग म्हणाल्या, "पण लोकांना ते लागतंय ना? ते तर खरं आहे." आणि मला चहा दिला.

समीर नको म्हणायला निघाला होता. त्याला थांबवलं सेलामनेच.

ती तालमीला आली, जॅकेट न काढता पहिल्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "कर."

त्याने केलं. लाटा, शाल, किंकाळ्या.

"आल्झो," म्हणजे 'तर मग', ती म्हणाली. "लाटा काढून टाक. समुद्र सपाट होता."

"सेलाम, मी हे करतच नाही. तू म्हण, मी आत्ता—"

"आणि किंकाळ्या काढ. बोटीत कोणी ओरडत नाही. पाणी आत यायला लागलं की लोक एकदम शांत होतात. शेजारचा माणूस माफी मागतो, त्याचा पाय तुला लागला म्हणून." तिने उठून त्याचे खांदे धरले आणि खाली दाबले. "असा बस. गुडघे छातीशी. हात कुठे ठेवायचे ते कळत नाही, तर ते दुसऱ्याच्या पाठीवर ठेव. आता बोल. हळू. बसमध्ये बोलतोस तसं."

तास दीड तास ती त्याला बसवत होती. जे ती कोणाला सांगणार नव्हती, ते तिने एका बस ड्रायव्हरच्या मुलाच्या अंगात एकेक करून घातलं, मान अशी, श्वास असा. समीर रडत होता आणि ती त्याला सांगत होती, "रडू नकोस, कोणी रडलं नव्हतं." मी तबल्यावर हात ठेवून बसले होते. वाजवत नव्हते.

निघताना मी म्हटलं, "सेलाम, फार्स आपण करू. मी दुसरं थिएटर बघते."

"बघ," ती म्हणाली. तिने अधिकारी बाईचा तो कोट खुंटीला नीट अडकवला. नंतर तळघरात ती आली नाही.

नाटक चाललं. फार चाललं. लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे, आणि नेमके त्या शांततेला वाजवायचे. मी पाच थिएटरांना फार्सचं चित्रण दाखवायला नेलं, मेधाने मंडळाच्या ओळखी काढल्या, एका ठिकाणी तर समीर स्वतः जाऊन भांडला. प्रत्येकाने विचारलं, त्या बोटीसारखं काही आहे का?

ही गोष्ट मी पुष्कळ जणांना सांगितली आहे, दर वेळी निराळा शेवट लावून. एका शेवटात सेलाम पहिल्याच प्रयोगाला अधिकारी बाईच्या वेशात स्टेजवर घुसते आणि दिग्दर्शकाच्या कपाळावर शिक्का मारते. तो शेवट सगळ्यांना आवडतो. दुसऱ्यात ती टीव्हीवर स्वतःचा कार्यक्रम करते आणि मला दिवाळीला मर्सिडीज पाठवते. पण हा छापून येणार आहे.

माझी भाची ड्रेस्डेनला शिकते. मागच्या वर्षी तिच्याकडे गेले तेव्हा सेलामला फोन केला. ती तिथे कॉम्प्युटरच्या चिप्सच्या कारखान्यात आहे, रीतसर आऊसबिल्डुंग, म्हणजे कामाचं प्रशिक्षण, करून कायम झाली. आम्ही ट्रामथांब्यासमोरच्या बेकरीत भेटलो. थोडी भरली होती, केस आवळून बांधलेले.

"काम कसलं?" मी विचारलं.

"पांढरा सूट. टोपी, मास्क, हातमोजे. फक्त डोळे दिसतात. धुळीचा कण गेला तर माल खराब." तिने केकचा तुकडा तोडला. "सुरुवातीला मी नुसत्या डोळ्यांनी एका सहकाऱ्याला हसवायचे. भुवया पण टोपीत असतात, तरी हसायचा बिचारा."

"मग?"

"एक दिवस जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, तू किती मजेशीर आहेस, कुठून आलीस, कशी आलीस." तिने खांदे उडवले. "लोक हसले की आता मी थांबते, काकू. पुढे काय मागतील म्हणून."

मी आजवर गप्प बसल्याचं कोणाला आठवत नाही. आमच्या ह्यांना विचारा. पण त्या बेकरीत माझ्यापाशी काही नव्हतं, घोडा नाही, लाट नाही. मी म्हटलं, "एकदा सँडविच खाऊन दाखव ना. माझ्यासाठी."

तिने माझ्याकडे बघितलं. चष्मा नव्हता, तरी चष्म्यावरून बघितलं. एक भुवई वर गेली, माझ्या पोटात हसू सुटायच्या बेतात आलं. आणि मग ती भुवई खाली आली आणि तिने तो केक नुसता खाल्ला, माणसं खातात तसा.

आम्ही थांब्यावर आलो तोच ट्राम आली. तिने पिशवी उचलली, मला घट्ट मिठी मारली. ट्रामच्या दारातून वळून म्हणाली, "समीर काय करतो?"

"सिरियलींमध्ये असतो. निर्वासिताचीच कामं देतात. वैतागलाय." मी थांब्यावरून ओरडले. "आणि बोटीचा प्रयोग अजून होतो."

"त्यात लोक शांत बसतात ना अजून? लाटा परत घातल्या नाहीत ना त्याने?"

"नाही. सपाट समुद्र आहे."

"मग ठीक आहे," सेलाम म्हणाली, आणि आत जाऊन बसायला जागा बघू लागली.